चार बोटांच्या फटीतून

नवी गाडी मुंबईत पडदा सारून दाखवतात. धूर, रंगीत दिवे, पहाडी आवाजाचा निवेदक आणि जीन्सवर कोट घातलेले कंपनीचे साहेब. वऱ्हाडात असलं काही होत नाही. आमच्याकडं तीच गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडं, ढाब्यासमोर उभ्या असलेल्या कंटेनरात दिसते, तीही पत्र्याच्या चार बोटांच्या फटीतून. आत अंधार, बंपरला पांढरं प्लास्टिक, काचेला चिकटवलेला कागद. ड्रायव्हर बाजेवर आडवा झालेला. बाहेर तीन पोट्टे एकाच फटीला आळीपाळीनं डोळा लावून.

दोष भूगोलाचा. गाड्या बनतात नाशकात, साणंदला. विकल्या जातात नागपूर, रायपूर, कोलकात्याला. मधला रस्ता आमचा. हजिऱ्यापासून पारादीपपर्यंत जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ५३, पण अकोला ते अमरावती त्याला ५३ म्हणणारा माणूस सापडणं कठीण. सरकारनं आकडा बदलून वर्षं झाली, लोकांचा 'सहा नंबर' काही सुटत नाही. सांगायचं इतकंच की नवं मॉडेल वऱ्हाडातून आधी जातं आणि वऱ्हाडात नंतर येतं. रेल्वे, वीज, पुढारी यांचंही तसंच आहे, पण तो विषय पुढच्या आठवड्याला.

फट चार बोटांची असली तरी मत मात्र चौपदरी असतं.

"सिएरा होय थे."

"काऊन? हॅरियर नसंल?"

"हॅरियरचा दिवा असा नसते. अन् मांगची काच पाय, वर वयली."

"मांगून त डिफेंडरच वाटते बे."

"तू कवा पाह्यली डिफेंडर?"

"रीलमदी."

झाला रिव्ह्यू. आमच्या प्रांताचा एक नियम आहे: नवी गाडी कधीही स्वतःसारखी दिसत नाही. ती पुढून कियासारखी दिसते, मागून रेंज रोव्हरसारखी, आणि बाजूनं पाहिली तर 'कायतरी कमी वाटते'. ज्या डिझायनरनं त्या मागच्या दिव्यापायी वर्षानुवर्षं झोप घालवली, त्यानं एकदा तरी बोरगाव मंजूच्या ढाब्यावर चहा प्यावा. अडीच मिनिटांत त्याला कळेल की त्यानं दुसऱ्याच कंपनीची गाडी बनवली आहे.

सिएराचं प्रकरण तसं घरगुती आहे. ४० वर्षं गॅरेजमध्ये घालवलेला एखादा मिस्त्री तिथं असतोच, आणि त्याला १९९१ची जुनी सिएरा आठवत असते. तीन दारांची. मागं बसायचं तर पुढची सीट पाडा, अंग चोरून आत घुसा आणि त्या न उघडणाऱ्या मोठ्या काचेखाली अकोल्याच्या उन्हात शिजत बसा. २५ नोव्हेंबर २०२५ला नवी आली ती पाच दारांची, किंमत ११ लाख ४९ हजारांपासून. मिस्त्रीचा अभिप्राय एका ओळीचा: "दारं वाढोली, भावही वाढोला." मोटारींची मासिकं चार पानं घालवून याच्या पुढं फारसं जात नाहीत.

गाडी ओळखून झाली की नंबरप्लेट. एमएच २७ अमरावती, २८ बुलडाणा, २९ यवतमाळ, ३० अकोला, ३७ वाशीम. या पाचांतली असली की गाडीचा विषय संपतो आणि 'कोनाची?' सुरू होतं. पुण्याची एमएच १२ असली तर तेही विचारावं लागत नाही. कुणाचा तरी आयटीतला पोरगा दिवाळीला आला आहे, गाडी बँकेची आहे, आणि बाप ती रात्री झाकायला ताडपत्री शोधतो आहे. पाहुण्यांच्या दारात एमएच ३१ किंवा ४९ उभी असली, म्हणजे नागपूरचे लोक मुलगी पाहायला आले. २०२१पासून ती बीएचवाली भारत मालिका निघाली. ती दिसली की घोळक्यातला एकजण 'बिहारची हाय' असं म्हणतो आणि उरलेले मान डोलवतात. बिहारचा कोड बीआर आहे, हे सांगणाऱ्याला चहा मिळत नाही.

अमरावती आणि अकोला यांच्यात शंभर किलोमीटरच्या आतबाहेर अंतर, पण गाडी पाहण्याची रीत अगदी वेगळी. राजकमल चौकात नवी गाडी थांबली तर तिच्यावर परिसंवाद होतो. रंग कसा, रेषा कशी, चाकाच्या कमानीत हवा किती. विभागाचं मुख्यालय आहे शेवटी, प्रत्येक गोष्टीवर अहवाल लागतो. अकोल्यात गांधी रोडवर थांबली तर एकच प्रश्न: "कितीले पडली?" उत्तर काहीही द्या, विचारणाऱ्याच्या मावसभावानं तीच गाडी ४० हजारांनी कमी देऊन उचललेली असते. अमरावतीकर गाडी न घेता तिच्यावर तासभर बोलू शकतो, अकोलेकर तिच्यावर एक शब्द न बोलता ती विकू शकतो.

एक चाचणी मात्र दोन्हीकडं सारखी. बोटाचं पेर वाकवायचं आणि बॉनेटवर टकटक करायचं. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३पासून सुरू झालं. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगानं अडथळ्यावर आदळवतात, आतल्या पुतळ्याच्या डोक्याला आणि छातीला किती मार बसला ते मोजतात आणि मग तारे वाटतात. एवढा खर्च वऱ्हाडात कुणी करत नाही. इथं पेर वाजतं, कान टवकारतो, निकाल लागतो: "डबडं हाय." ही खोड बैलबाजारातली. जोडीचे दात पाहायचे, वशिंड चाचपायचं, शेपूट पिरगाळायची, आणि मालकाच्या तोंडाकडं न पाहता 'मांगचा पाय ओढते' असं पुटपुटायचं, म्हणजे भाव हजारानं खाली येतो. तळेगाव दशासरच्या शंकरपटात जोड सुटायच्या आधीच कोणती हरणार हे सांगणारे जे बुढे आहेत, त्यांचेच नातू आज टॉर्क आणि ग्राउंड क्लिअरन्स सांगतात. आजोबांचे निदान अंदाज तरी खरे ठरत.

आता सनरूफ. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या वर जातो, दुपारी बारानंतर माणूस तोंडाला दुपट्टा गुंडाळून सावली धरून चालतो, आणि त्याच गावात डोक्यावर ऊन यावं म्हणून लोक जास्तीचे पैसे मोजतात. खालच्या मॉडेलला सनरूफ नसतं, त्यामुळं छप्पर शाबूत असलेली गाडी दिसली की लगेच 'बेस मॉडेल' असा शिक्का. म्हणजे ज्याचं डोकं उन्हापासून वाचलं, त्याचीच इज्जत गेली. सनरूफचा खरा उपयोग फक्त वरातीत होतो. आतली पोरं कमरेपर्यंत बाहेर काढता येतात.

थारची तर वेगळीच कथा. २०२०मध्ये नवी थार आली तेव्हा चारही चाकांना जोर, डोंगर चढणार, चिखल तुडवणार अशी ख्याती. चिखलदऱ्याचा घाट हाताशी, मेळघाट शेजारी, म्हणजे अमरावतीकराला कारणही पुरेसं. जानेवारी २०२३मध्ये फक्त मागच्या दोन चाकांना जोर असलेली स्वस्त थार आली. चाकं चार, खेचणारी दोन, बाकीची नुसती सोबत चाललेली. पुढाऱ्यांच्या मोर्चाला ही रचना आधीपासून ठाऊक होती. आता थार सर्वांत अवघड चढण चढते ती पंचवटी चौकातल्या दुकानासमोरच्या फुटपाथची.

आणि ॲडास. गाडीच्या नाकात रडार, काचेमागं कॅमेरा. पुढं काही आडवं आलं तर ती आपणच ब्रेक लावते, पट्टा सुटला तर स्टिअरिंग थरथरतं. ज्यानं हे बनवलं त्यानं दोन गोष्टी गृहीत धरल्या: रस्त्याला पट्टे असतात आणि वाहनांना मागचे दिवे. दिवाळीनंतर सायंकाळी दर्यापूरच्या रस्त्यानं एकदा यावं त्यानं. समोर कापसाची ट्रॉली, दोन्ही बाजूंनी फुगून रस्त्याच्या बाहेर आलेली, मागं दिवा नाही, दिव्याच्या जागी लाल साडीचा तुकडा. गाडी बोंबलते, पडदा लाल होतो, सीटबेल्ट छातीवर आवळतो. ट्रॅक्टरवाला मागं वळून पाहत नाही, कारण त्याच्या स्पीकरवर गाणं चालू आहे.

"गाडीच ब्रेक मारत असंल, त डायवर कायले ठेवला?" असं एकानं विचारलं.

"कोर्टात उभा राहाले," दुसरा म्हणाला.

नावांबद्दल बोललं नाही तर हे सदर अपुरं राहील. पूर्वी गाडीला नाव असे: सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ. सुमो तर कंपनीच्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून. हल्ली एक्सयूव्ही ३एक्सओ, एक्सईव्ही ९ई. गाडी आहे की ओटीपी? बीई ६ई आली आणि 'आमच्या ६ईला धक्का लागतो' म्हणून विमान कंपनी कोर्टात गेली. मग तिचं नुसतं बीई ६ झालं. बडनेऱ्याच्या इंजिनिअरिंगवाल्या पोट्ट्यांना तर आधीच वाटलं होतं की बी. ई.चे सहा विषय राहिले.

आता पैशाकडं येऊ. वऱ्हाडात लाखाचा हिशोब क्विंटलमध्ये केल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. २०२५-२६चा हमीभाव लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागं ८,११० रुपये. सर्वांत स्वस्त सिएरा म्हणजे १४२ क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी सहा क्विंटल उतरला असं समजलं (समजायला काय जातं?), तर २४ एकरांचं सगळं पीक; बियाणं, खत, फवारणी, वेचणी सगळं फुकटात झालं आणि घरात कुणी जेवलं नाही असं धरून. हे शोरूमच्या दारातलं झालं. विमा आणि आरटीओ धरला तर आणखी चार एकर शेजाऱ्याचे घ्या. आणि हमीभाव तरी कुठं आपोआप मिळतो? त्या हंगामात सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर आधी मोबाइलच्या ॲपवर नोंदणी, मग तारीख, मग केंद्रावर ओलाव्याचं यंत्र, १२ टक्क्यांवर काटा गेला की ट्रॉली परत. ३ ऑक्टोबर २०२४ला थार रॉक्सचं बुकिंग उघडलं तेव्हा एका तासात १ लाख ७६ हजारांवर नोंदी झाल्या. बुकिंग करणाऱ्या एकाचाही ओलावा कुणी तपासला नाही.

खरी गंमत सीमाशुल्काची आहे, आणि ती कुठल्याही फटीतून दिसत नाही. परदेशी गाडी भारतात आणायची तर शुल्काची उंच भिंत. म्हणून अमेरिकेत बरी परवडणारी टेस्ला मॉडेल वाय २०२५मध्ये इथं आली ती ५९ लाख ८९ हजारांपासून. आपल्या ७३८ क्विंटलला एक. भिंत कशासाठी? तर देशी कारखानदार वाचावा. ठीक. मग १९ ऑगस्ट २०२५ला सरकारनं परदेशी कापसावरचं ११ टक्के शुल्क काढून टाकलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर वाढवून वर्षअखेरपर्यंत. आमच्याकडं वेचणी सुरू होते दसऱ्याच्या सुमारास. म्हणजे परदेशी गाडीला फाटकावर अडवायचं आणि परदेशी कापसाला ऐन हंगामात फाटक उघडून 'या बसा' म्हणायचं. आम्ही रस्त्याला येणारं प्रत्येक मॉडेल ओळखतो, पण ब्राझीलहून आलेली गाठ कोणत्या कंटेनरातून गेली ते काही ओळखू आलं नाही. तिला मागचा दिवा नसतो ना.

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी उतरला तेव्हा लहान गाड्यांचा कर २८वरून १८वर आला, ट्रॅक्टरचा १२वरून ५वर. लहान गाडीचे पेढे वाटतानाचे व्हिडिओ गावभर फिरले. ट्रॅक्टरचा कुणी काढला नाही. ट्रॅक्टर 'स्पॉट' होत नाही, तो नुसता असतो.

बरं, ज्या रस्त्यावर हे सगळं पाहायचं तो रस्ताही साधासुधा नाही, जागतिक विक्रमी आहे. जून २०२२मध्ये लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरची एक लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात नाव आलं. आधीचा विक्रम कतारचा, २५ किलोमीटरच्या किंचित वरचा. वर्षानुवर्षं रखडलेला रस्ता पाच दिवसांत विक्रमी झाला, यात वऱ्हाडाला नवल वाटलं ते वेगाचं नाही. एवढी घाई होती तर आधी काय अडलं होतं, याचं. ताशी सत्तर किलोमीटरनं नव्हे, ताशी सातशे मीटरनं ते यंत्र पुढं सरकलं, आणि दोन्ही बाजूंनी लोक त्यालाही पाहायला उभे होते. "मांगून जेसीबीसारखी दिसते," असं कुणी म्हटलं नसेल तर मी मिशी उतरवीन. समृद्धी महामार्ग मात्र अमरावती आणि वाशीम जिल्ह्यांतून गेला, अकोल्याला न शिवता. ताशी १२०नं जाणाऱ्या नव्या गाड्या अकोलेकरांना पाहायला मिळत नाहीत, आणि अमरावतीकरांना मिळतात त्या इतक्या लवकर निघून जातात की परिसंवाद भरत नाही.

एवढं करून गाडी शेवटी दारात येते. पांढरी. रंगांच्या यादीत मुन्नार मिस्ट, अंदमान ॲडव्हेंचर असली पर्यटन खात्याची नावं असोत, घेणार पांढरीच. मग लिंबू-मिरची, मग नंबर. २०२४मध्ये राज्यानं पसंतीच्या क्रमांकांचं शुल्क वाढवलं. ०००१साठी चारचाकीला पाच लाख, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी सहा. आकड्यासाठी ६२ क्विंटल कापूस. पूर्वी ४१४१ घेऊन रंगाऱ्याकडून त्याचा 'दादा' करून घेता येई, पण उच्च सुरक्षा नंबरप्लेट आली आणि रंगारी बेकार झाला. दादा मात्र अजून कामावर आहेत, काचेवर नेत्याचा फोटो लावून.

आणि टेस्ला? देशात मॉडेल वायची पहिली चावी ५ सप्टेंबर २०२५ला मुंबईत महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनीच घेतली, प्रताप सरनाईक यांनी. विजेच्या गाड्यांचा प्रसार व्हावा, असा उद्देश. उद्देश चांगला आहे. त्यांच्याच खात्याची आणखी एक गाडी आहे, लाल रंगाची, आणि वऱ्हाडात रस्त्याकडं सर्वांत जास्त डोळे तिच्यासाठी लागलेले असतात. खरे जाणकार तिथंच भेटतात. माना फाट्यावर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मावशीला लांबून येणाऱ्या एसटीचा नुसता खडखडाट ऐकून कळतं की ही मूर्तिजापूर डेपोची की दर्यापूरची, आत जागा आहे की नाही, आणि आजचा ड्रायव्हर फाट्यावर थांबणारा की पुढं नेणारा. मार्च २०२३पासून बायांना अर्धं तिकीट लागतं, त्यामुळं तिचा हिशोबही तयार असतो. फक्त गाडी यायची राहिलेली.

परवा तिच्यासमोरून एक कोरी विजेवरची गाडी आवाज न करता सळकन गेली. शेजारच्या कॉलेजातल्या पोरानं मावशीला सगळं समजावून सांगितलं: हिरवी प्लेट म्हणजे बॅटरीवर चालते, एका चार्जमध्ये अमरावतीहून नागपूरला जाऊन परत येते, आत तीन टीव्ही, दाराला कडी नाही, बोललं की ऐकते.

मावशीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"अन् हात दाखोला त थांबते का थे?"